आकृती लॅपटॉपवर उमटते, सर्व्हरवर फुटते: प्लांटयूएमएल आणि मर्मेडचं समस्या निवारण

प्लांटयूएमएल आणि मर्मेड ही साध्या मजकुरातून सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढणारी साधनं. प्लांटयूएमएलमध्ये लिहिलेली आकृती स्वतःच्या मशीनवर व्यवस्थित दिसते. तीच फाइल रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या सामायिक साठ्यात) टाकली की बिल्ड सर्व्हरवर (दस्तऐवज आपोआप तयार करणाऱ्या मशीनवर) एरर येते, नाहीतर आकृती येते पण भलतीच: अक्षरांच्या जागी चौकटी, उजवी बाजू कापलेली, एकाच घटकाच्या दोन पेट्या. अशा वेळी पहिला हात मजकुरालाच लागतो. बाण बदलून बघ, कंस काढून बघ. यात तास जातो आणि धडधाकट मॉडेल बिघडतं, कारण दोष बहुतेक वेळा मजकुरात नसतोच.

मजकुरात आकृती साठवलेली नसते, हे पक्कं लक्षात ठेवा. पेटी किती रुंद होणार, रेघ कुठून वळणार, हे दर वेळी नव्यानं ठरतं: त्या मशीनवरचा फॉन्ट मोजून, त्या मशीनवरच्या आवृत्तीच्या व्याकरणानं, तिथे असलेल्या ग्राफव्हिझ या आकृत्या मांडणाऱ्या प्रोग्रामकडून मांडणी करून घेऊन. म्हणून तपासणी मजकुरापासून सुरू करायची, पण तिथे अडकून पडायचं नाही. खालचा क्रम फुकट आणि दोन मिनिटांच्या तपासण्यांपासून महागड्या तपासण्यांकडे जातो.

एक सूचना: कमांडी आणि कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीतच करायचे.

आधी लक्षण नीट बघा

काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं, खाली लाल रंगात सिंटॅक्स एरर आणि ओळ क्रमांक: व्याकरणाचा किंवा आवृत्तीचा प्रश्न.

सीक्वेन्स डायग्राम येतो, क्लास किंवा कंपोनंट डायग्राम येत नाही: ग्राफव्हिझचा डॉट प्रोग्राम सापडत नाही. बाकी कशाकडे बघायची गरज नाही, थेट डॉटच्या तपासणीकडे जा.

मराठी अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी: फॉन्ट नाही. उच्चारचिन्हं लावलेली रोमन अक्षरं किंवा प्रश्नचिन्हं: एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) चुकलं. ही दोन लक्षणं लोक एकच समजतात आणि एन्कोडिंग बिघडलेलं असताना फॉन्ट टाकत बसतात. चौकट दिसली म्हणजे अक्षर प्रोग्रामपर्यंत बरोबर पोचलं, फक्त त्याचं चित्र मिळालं नाही. प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे अक्षर वाटेतच गेलं.

आकृती उजवीकडून किंवा खालून सरळ रेषेत कापलेली: आकाराची मर्यादा.

बदल करूनही जुनीच आकृती: कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत), किंवा दोन फाइलींचं आउटपुट एकाच नावानं.

पहिली तपासणी: मजकूर, पण पाच मिनिटंच

एररमधल्या ओळ क्रमांकावर आंधळा विश्वास ठेवू नका. पार्सरला (मजकूर वाचून समजून घेणाऱ्या भागाला) जिथे पुढे समजेनासं झालं ती ओळ तो सांगतो. चूक तिच्या वर असू शकते. नेहमीचं उदाहरण नोटचं. कोलन न देता नोट सुरू केली तर ती अनेक ओळींची मानली जाते आणि ‘एंड नोट’ येईपर्यंत पुढचं सगळं पोटात घेते. ‘एंड नोट’ विसरलं की तक्रार भलत्याच ठिकाणी होते.

मग चॅट किंवा वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या ओळी बघा. तिथे सरळ अवतरणचिन्ह आपोआप वळणदार होतं, दोन हायफनांची एक लांब रेघ होते, साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पार्सरला दिसतो. संशय असलेली ओळ पूर्ण पुसून हातानं पुन्हा टाइप करा. एवढ्यानं सुटलं तर कारण हेच होतं.

ओळीच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह असेल तर प्लांटयूएमएल ती ओळ टिप्पणी समजून सोडून देतं. एरर येत नाही, ओळ फक्त गायब होते.

एवढं करूनही कळत नसेल तर निम्मी फाइल काढा. राहिलेला भाग उमटला तर दोष काढलेल्या निम्म्यात. पुन्हा निम्मं. २०० ओळींची फाइल आठ फेऱ्यांत एका ओळीवर येते. डोळे ताणून वाचण्यापेक्षा हे लवकर होतं.

एकाच नावाच्या दोन पेट्या

हा दोष मराठीत लिहिणाऱ्यांना हमखास गाठतो, म्हणून इथे थोडं थांबू. सीक्वेन्स डायग्राममध्ये आधी न सांगितलेलं नाव बाणाच्या ओळीत आलं की प्लांटयूएमएल एरर देत नाही, नवा सहभागी तयार करतं. त्यामुळे नावातली छोटी चूक ही एरर म्हणून नाही, जास्तीची पेटी म्हणून दिसते.

आता ‘दुसऱ्या टप्प्याची तपासणी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ, हलन्त, य असा. दुसऱ्यावर र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य असा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. प्रोग्रामच्या दृष्टीनं ती दोन वेगळी नावं आहेत, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया) चालवूनही ती एक होत नाहीत. दोन सहकारी दोन कीबोर्ड वापरत असतील तर त्यांनी जोडलेल्या बाणांची आकृतीत दोन घरं होतात. खात्री करायची असेल तर फाइल हेक्स स्वरूपात उघडा: जॉइनर असेल तिथे ई२, ८०, ८डी हे ३ बाइट दिसतील.

उपाय सोपा आहे. प्रत्येक घटक फाइलच्या सुरुवातीला एकदाच जाहीर करा: अवतरणचिन्हांत मराठी नाव, त्यापुढे ‘अ‍ॅझ’ आणि रोमन लिपीतलं छोटं टोपणनाव. पुढे सगळीकडे टोपणनावच वापरा. याचा आणखी एक फायदा आहे. आकृत्यांच्या काही भाषांची व्याकरणं ‘अक्षर’ म्हणजे फक्त युनिकोडमधला अक्षर-गट मानतात; काना, मात्रा, हलन्त हे चिन्ह-गटात येतात. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं मराठी नाव तिथे पहिल्या मात्रेवर तुटतं. टोपणनाव रोमन ठेवलं की हा प्रश्नच राहत नाही.

दुसरी तपासणी: फाइलींची नावं आणि पाथ

‘!इन्क्लूड’ची (दुसरी फाइल जोडणारी) ओळ असेल तर जोडलेल्या फाइलीच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर तंतोतंत जुळतं का बघा. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या मांडणीत मोठ्या-लहान अक्षराचा फरक धरला जात नाही, लिनक्सवर धरला जातो. बिल्ड सर्व्हर बहुधा लिनक्स असतो. ‘लॅपटॉपवर चालतं’ यामागे हेच एक कारण अनेकदा निघतं.

मजकूर ‘-पाइप’नं (फाइलीचं नाव न देता थेट) आत सोडत असाल तर प्लांटयूएमएलला मूळ फाइल कुठल्या फोल्डरमध्ये होती हे कळायला मार्ग नसतो. मग सापेक्ष पाथ चालू फोल्डरपासून मोजला जातो. पाइप सोडून फाइलीचं नाव द्या, किंवा ‘प्लांटयूएमएल डॉट इन्क्लूड डॉट पाथ’ ही प्रॉपर्टी ठरवून द्या.

‘@स्टार्टयूएमएल’च्या पुढे लिहिलेला शब्द आउटपुट फाइलीचं नाव होतो, हेही तपासा. फाइल कॉपी करून नवी आकृती सुरू केली आणि हा शब्द बदलायचा राहिला, तर दोन आकृत्या एकाच पीएनजी चित्रफाइलीवर लिहिल्या जातात आणि शेवटची तेवढी उरते.

तिसरी तपासणी: आवृत्ती

प्लांटयूएमएलच्या आवृत्तीत मधला आकडा वर्षाचा असतो, त्यामुळे ती किती जुनी आहे ते लगेच कळतं. सर्व्हरवर टर्मिनल नसलं तरी अडत नाही: ‘@स्टार्टयूएमएल’ आणि ‘@एंडयूएमएल’ यांच्या मध्ये ‘व्हर्जन’ हा एकच शब्द लिहिलेली फाइल त्याच वाटेनं पाठवा. आकृतीच्या जागी आवृत्तीची माहिती छापून येते. तीच फाइल लॅपटॉपवर चालवा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

लिनक्सच्या पॅकेज भांडारातली प्रत बरीच मागची असू शकते, आणि एडिटरचं प्लगइन बऱ्याचदा स्वतःचीच जार (प्लांटयूएमएलची जावा प्रोग्राम फाइल) घेऊन येतं. म्हणजे तुम्ही टर्मिनलमध्ये एक आवृत्ती तपासता आणि एडिटर दुसरीच चालवतो. थीमची ओळ किंवा ‘@स्टार्टजेसन’ जुन्या आवृत्तीला कळत नाही आणि ती सिंटॅक्स एरर म्हणते, मजकूर बरोबर असला तरी. इलाज एकच: जार फाइलीची ठरावीक आवृत्ती प्रकल्पात नोंदवा आणि सगळीकडे तीच वापरा. ‘लेटेस्ट’ लिहून सोडू नका.

ग्राफव्हिझची आवृत्ती वेगळी असेल तर पेट्यांची जागाही बदलू शकते. तो बिघाड नाही. दोन्हीकडे आवृत्ती एक करा, आणि चित्राच्या बाइट तुलनेवर टेस्ट उभी करू नका.

चौथी तपासणी: एन्कोडिंग

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ते बाइट पश्चिम युरोपीय एन्कोडिंग समजून वाचले तर एका चिन्हाची ३ विचित्र चिन्हं होतात, आणि दर तिसऱ्या जागी तेच उच्चारचिन्हवालं ‘ए’ येत राहतं. हा नमुना दिसला की निदान झालं.

आवृत्ती १८ पासून जावाचं मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे. त्याआधीची जावा ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेते, आणि लोकेल (भाषेचं सेटिंग) न ठरवलेल्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठीच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात) ते अस्की (फक्त रोमन अक्षरांचं एन्कोडिंग) निघतं. म्हणून अंदाजावर सोडू नका, कमांडमध्ये ‘-चारसेट यूटीएफ-८’ स्पष्ट लिहा.

जागाही महत्त्वाची आहे. ‘-डी’ आणि ‘-एक्सएमएक्स’नं सुरू होणारे पर्याय जावाचे असतात, ते ‘-जार’च्या आधी यायला हवेत. ‘-चारसेट’ प्लांटयूएमएलचा आहे, तो जार फाइलीच्या नावानंतर. जावाचा पर्याय चुकून मागे गेला तर तो जावापर्यंत पोचतच नाही, आणि माणूस ‘सेटिंग लावूनही फरक नाही’ म्हणत राहतो.

पाचवी तपासणी: फॉन्ट

सर्व्हरवर ‘एफसी-लिस्ट’ ही कमांड ‘:लँग=एमआर’ देऊन चालवा. काहीच छापलं नाही तर त्या मशीनवर मराठीसाठी फॉन्टच नाही. डेबियन आणि उबुंटूवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज पुरतं. नोटो सॅन्स देवनागरीही चांगला. बसवल्यावर ‘एफसी-कॅश -एफ’ चालवा. प्लांटयूएमएलला स्वतःला कुठले फॉन्ट दिसतात ते आकृतीत ‘लिस्टफॉन्ट्स’ लिहून कळतं. मग ‘स्किनपॅरम डिफॉल्टफॉन्टनेम’नं नाव ठरवून द्या, म्हणजे दोन मशीनवर दोन वेगळे फॉन्ट निवडले जाणार नाहीत.

अगदी लहान केलेल्या कंटेनरमध्ये फॉन्ट शोधून देणारी फॉन्टकॉन्फिग ही लायब्ररीच नसते. तेव्हा चौकटीही येत नाहीत. जावा फॉन्टकॉन्फिगरेशनच्या आत नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन कोसळते. तो संदेश वाचून प्लांटयूएमएलमध्ये बग आहे असं वाटतं. फॉन्टकॉन्फिग आणि कुठलाही एक फॉन्ट बसवला की तो जातो.

एसव्हीजीत (अक्षरं मजकूर म्हणूनच साठवणाऱ्या चित्रप्रकारात) एक वेगळी अडचण आहे. प्लांटयूएमएल मजकुराची रुंदी आपल्या मशीनवरच्या फॉन्टनं मोजतं आणि ती एसव्हीजीत लिहून ठेवतं. वाचणाऱ्याच्या ब्राउझरकडे तो फॉन्ट नसेल तर ब्राउझर दुसरा घेतो आणि ठरलेली रुंदी भरायला अक्षरांमधली जागा ताणतो. रोमन मजकूर थोडा विरळ दिसतो इतकंच. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. दस्तऐवज बाहेर पाठवायचा असेल तर मराठी आकृत्या पीएनजीत द्या, किंवा तोच फॉन्ट वेबपानावर उपलब्ध करून द्या.

सहावी तपासणी: डॉट

क्लास, कंपोनंट, यूज केस, स्टेट या आकृत्यांची मांडणी प्लांटयूएमएल ग्राफव्हिझच्या डॉटकडून करून घेतं. सीक्वेन्स, नवा अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम, माइंडमॅप, गँट यांना डॉट लागत नाही. ‘-टेस्टडॉट’ चालवलं की डॉट कुठे शोधला आणि चालला का, हे दोन्ही कळतं.

डॉट बसवलेला असूनही सापडत नसेल तर ‘ग्राफव्हिझ_डॉट’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला सिस्टिमकडून मिळणारं सेटिंग) लावा, सगळी अक्षरं कॅपिटल. त्यात फोल्डर नाही, प्रोग्रामचा पूर्ण पाथ द्यायचा. इथे बरेच जण चुकतात. मॅकवर सॉफ्टवेअर बसवणारं होमब्रू इंटेलच्या मशीनवर एका फोल्डरमध्ये आणि अ‍ॅपल सिलिकॉनवर वेगळ्याच फोल्डरमध्ये बसवतं, त्यामुळे जुन्या मशीनचं सेटिंग नव्यावर चालत नाही. ‘लेआउट इंजिन नाही’ अशा अर्थाची एरर आली तर ‘डॉट -सी’ एकदा अधिकार असलेल्या खात्यातून चालवा. त्यानं प्लगइनची नोंद होते.

सर्व्हरवर ग्राफव्हिझ बसवायची परवानगीच नसेल तर ‘!प्रॅग्मा लेआउट स्मेताना’ ही ओळ घाला. स्मेताना म्हणजे डॉटची जावात आणलेली आवृत्ती, जारमध्येच असते. छोट्या-मध्यम आकृत्यांना ती छान चालते. मांडणी डॉटसारखी हुबेहूब येईलच असं नाही.

सातवी तपासणी: आकार आणि मेमरी

पीएनजीची रुंदी आणि उंची मुळात ४०९६ पिक्सेलवर कापली जाते. ‘प्लांटयूएमएल_लिमिट_साइझ’ हा व्हेरिएबल ८१९२ केला की मर्यादा वाढते. पण चित्र मेमरीत दर पिक्सेलला सुमारे ४ बाइट घेतं: ४०९६ च्या चौरसाला ६४ एमबी, १६३८४ च्या चौरसाला १ जीबी. म्हणून मर्यादेबरोबर ‘-एक्सएमएक्स’ही (जावाला मिळणारी मेमरी) वाढवावं लागतं, नाहीतर कापलेल्या चित्राऐवजी मेमरी संपल्याची एरर मिळते. त्याआधी एसव्हीजी काढून बघा, तिथे ही कात्री नाही.

प्लांटयूएमएल सर्व्हरला आकृती यूआरएलमधून जाते तेव्हा अख्खा मजकूर दाबून त्या यूआरएलमध्येच भरलेला असतो. टॉमकॅट आणि जेटी या दोन्ही वेब सर्व्हरची विनंतीच्या हेडरसाठीची मूळ मर्यादा ८ केबी आहे. मोठी आकृती तिथे अडते, दोष आकृतीत नसतो. आणि हे गांभीर्यानं घ्या: तो मजकूर दाबलेला असतो, कुलूपबंद नसतो. यूआरएल ज्याच्या हाती लागला त्याला तुमचं मॉडेल परत वाचता येतं. अंतर्गत रचनेच्या आकृत्या सार्वजनिक सर्व्हरवर पाठवू नका.

मर्मेड असेल तर

मर्मेड ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टवर चालतं, त्यामुळे डॉट आणि जावाचे प्रश्न नाहीत. आवृत्तीचा आहेच, आणि इथे तो जास्त छळतो, कारण एडिटरचं प्लगइन, विकी आणि कोड होस्टिंग आपापल्या प्रती ठेवतात. आकृतीच्या जागी ‘इन्फो’ लिहिलं की आवृत्ती दिसते.

फ्लोचार्टमध्ये पेटीचं नाव लहान लिपीतलं ‘एंड’ असेल तर आकृती मोडू शकते. ते कॅपिटल करा किंवा अवतरणचिन्हांत घाला. लेबलमध्ये गोल कंस असेल तर अख्खं लेबल अवतरणचिन्हांत हवं. तीन हायफनांनंतर लगेच रोमन ‘ओ’ किंवा ‘एक्स’नं सुरू होणारं नाव आलं तर बाणाला गोल किंवा फुली लागते आणि नावातलं पहिलं अक्षर जातं. मध्ये स्पेस द्या.

मराठी लेबल पेटीबाहेर जातं किंवा कापलं जातं तेव्हा वेबफॉन्ट उशिरा आलेला असतो. मर्मेडनं आधीच्या फॉन्टनं पेटी मोजली, मग फॉन्ट बदलला. फॉन्ट आल्याची खात्री झाल्यावरच रेंडर करा (आकृती काढा). आकृती लपवलेल्या टॅबमध्ये असेल तर मोजमापच मिळत नाही आणि ती चिमुकली येते. टॅब उघडल्यावर रेंडर करा. मजकुराची मूळ मर्यादा ५०,००० अक्षरांची आहे. ती वाढवण्यापेक्षा आकृती तोडा.

कमांड लाइनवरचं मर्मेड पडद्याआड क्रोम चालवतं. कंटेनरमध्ये रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून चालवलं की क्रोम सँडबॉक्सची (त्याच्या सुरक्षा-कुंपणाची) तक्रार करून थांबतो. सँडबॉक्स बंद करायचा पर्याय सगळीकडे सुचवलेला दिसेल. वेगळं साधं खातं करून त्यातून चालवणं हे बरोबर उत्तर आहे.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

‘!इन्क्लूड’ लॅपटॉपवर चालतं, पाथही बरोबर आहे, तरी सर्व्हर नाकारतो: तिथे बहुधा सिक्युरिटी प्रोफाइल (काय उघडता येईल याचे नियम) लावलं आहे. इंटरनेट प्रोफाइल स्थानिक फाइली सहसा उघडू देत नाही, अलाउलिस्ट फक्त यादीतल्या जागा, सँडबॉक्स काहीच नाही. ते सैल करायचा मार्ग तुम्हाला माहीत असला तरी थांबा. बाहेरून आलेल्या मजकुरानं सर्व्हरवरच्या फाइली वाचू नयेत म्हणून ते लावलेलं असतं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे जा आणि नेमका फोल्डर यादीत घालायला सांगा.

बिल्ड कंटेनरची मूळ इमेज बदलावी लागणार असेल तर तेही बिल्ड सांभाळणाऱ्या टीमचं काम. त्या इमेजवर इतर प्रकल्प उभे असतात. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट करून घ्या: पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या आपोआप चालणाऱ्या टप्प्यांत) ‘-चेकओन्ली’ किंवा ‘-फेलफास्ट२’ हे आधी व्याकरण तपासणारे पर्याय. प्लांटयूएमएल चुकलेल्या आकृतीच्या जागी एररचं चित्र बनवतं, आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मिळणारा यश-अपयशाचा आकडा) कुणी बघत नसेल तर बिल्ड हिरवा राहून ते चित्र थेट दस्तऐवजात जाऊन बसतं.

आकाराची मर्यादा दुसऱ्यांदा वाढवायची वेळ आली तर साधनाशी झगडणं सोडा आणि सिस्टिमच्या आर्किटेक्टला बोलवा. ८१९२ पिक्सेलमध्ये न मावणारी आकृती कुणी वाचत नाही. ती कुठे तोडायची हा रचनेचा निर्णय आहे, रेंडरिंगचा नाही.

दहा ओळींच्या आत आणलेलं उदाहरण, ताजी जार, एन्कोडिंग, फॉन्ट आणि डॉट तपासलेले, तरीही एरर: आता साधनाच्या विकासकांकडे बग नोंदवा. सोबत ती दहा ओळींची फाइल, ‘-व्हर्जन’ आणि ‘-टेस्टडॉट’ यांचं पूर्ण आउटपुट, जावाची आवृत्ती, वापरलेली कमांड जशीच्या तशी, आणि दोन्ही मशीनवरची चित्रं द्या. फाइलीतली खरी घटकनावं बदलून टाका, पण बदलल्यावर दोष अजून दिसतो ना, हे पाठवण्याआधी एकदा चालवून बघा.